एसटीच्या फळीवर मावणारी गिटार : यामाहा जेआर-टू, दोन पावसाळ्यांनंतर

माझी शाळा राजापूर तालुक्यात, घर कोल्हापुरात. दर पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी शाळा सुटली की अणुस्कुरा घाटातून एसटीने घरी जायचं आणि सोमवारच्या परिपाठाला परत हजर व्हायचं, हे सहा वर्षं चाललंय. कॉलेजात असताना घेतलेली मोठी गिटार त्यातली पहिली तीन वर्षं कोल्हापूरच्या कपाटावर पडून होती. ती दोनदा एसटीतून आणून पाहिली. वरच्या फळीवर ती मावत नाही, मागच्या सीटवर ठेवली तर घाटातल्या प्रत्येक वळणाला हात धरून बसावं लागतं, आणि गुडघ्यात उभी धरली तर शेजारच्या माणसाला कोपर लागतं. वाजवायची गिटार एका गावात आणि वाजवणारी मी दुसऱ्या गावात, असं झालं होतं. म्हणून लहान गिटार शोधायला लागले.

पहिली चूक सांगते, कारण ती खूप जण करतात. इंटरनेटवर तीन हजारांच्या आसपास ‘ट्रॅव्हल साइज’ म्हणून विकली जाणारी एक गिटार मागवली. दिसायला देखणी. नटापाशी, म्हणजे खुंट्यांजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपाशी, तारा बऱ्या होत्या, पण बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) तार आणि पट्टी यांच्यात माझी करंगळी आडवी जाईल की काय इतकं अंतर. एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे काही स्वर) धरायला दोन हातांचं बळ लागायचं. शिवाय कॉर्ड धरली की बेसूर, सोडली की सुरात. याचं कारण नंतर कळलं : तार जितकी उंच, तितकी ती दाबताना जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. तारांची लांबी कमी असेल तर हा दोष आणखी ठळक होतो. जून संपेपर्यंत तिची मान पुढे वाकली. सरळ करायला आत फिरवता येणारी सळईच नव्हती. ते तीन हजार गेले.

दुसऱ्यांदा मात्र आधी अभ्यास केला, आणि त्यातली एक युक्ती प्रत्येकाने दुकानात जाण्याआधी घरी करून पाहावी अशी आहे. मोठ्या गिटारीत नटापासून सॅडलपर्यंत, म्हणजे दुसऱ्या टोकाला घोडीवर बसवलेल्या पट्टीपर्यंत, तारेची लांबी साधारण ६५० मिलिमीटर असते. यामाहाच्या जेआर मालिकेत ती ५४० आहे. कॉलेजच्या गिटारीवर तिसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की उरलेली तार ५४६ मिलिमीटर भरते, म्हणजे जवळपास तितकीच. तसा कॅपो लावून आठवडाभर वाजवा. बोटं खेळती राहतात का, ए कॉर्डला तीन बोटं एका घरात, म्हणजे दोन फ्रेटमधल्या जागेत, बसतात का, ते घरबसल्या समजतं. यामाहाची एपीएक्स-टी-टू ही ५८० मिलिमीटरची आणि मार्टिनची एलएक्स-वन २३ इंचांची, म्हणजे ५८४ची. त्यांच्यासाठी कॅपो दुसऱ्या फ्रेटला लावायचा. टेलरची जीएस मिनी साडेतेवीस इंच आणि यामाहाची सीएसएफ ६०० मिलिमीटर, या दोन्ही पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या मधल्या.

‘थ्री-फोर्थ’ हा शब्दही नीट समजून घ्यावा. ५४० ही ६५०ची पाऊण पट नाही, त्र्याऐंशी टक्के आहे. आणि ऑनलाइन जाहिरातींमधला ३८ इंच हा आकडा तारेचा नसतो, अख्ख्या गिटारीच्या लांबीचा असतो. तीन फूट दोन इंच लांबीची वस्तू एसटीत ‘लहान’ ठरत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत तुतारी एक्सप्रेसने मुंबईला गेले आणि धोबीतलावला जेर महालमधल्या फुर्टाडोजमध्ये एक पूर्ण दुपार घालवली. १८६५ पासूनचं दुकान. वाद्य हातात घेऊन, खुर्चीवर बसून वाजवता येतं, याचं मोल तीन हजार पाण्यात घातलेल्या माणसालाच कळतं.

यामाहाचं गिटालेले मला फार आवडलं. सहा नायलॉनच्या तारा, ४३३ मिलिमीटर लांबी, बाळासारखं मांडीवर बसतं. पण ते नेहमीच्या गिटारीपेक्षा पाच फ्रेट वर लावतात, त्यामुळे जी कॉर्ड धरली की सी वाजते. मला स्वतःला ते जमलं असतं, पण मी मुलांना बोटं दाखवणार आणि तीच मुलं पुढे मोठ्या गिटारीवर गोंधळणार, म्हणून बाजूला ठेवलं.

एलएक्स-वन ही गायक एड शीरनमुळे सगळ्यांना माहीत झालेली. तिचा दर्शनी भाग एकसंध स्प्रूस लाकडाचा आणि पाठ नि कडा एचपीएलच्या. एचपीएल म्हणजे आपल्या ओट्याच्या कपाटाला लावतात त्या सनमायकाच्या जातीचाच पदार्थ. ऐकून काहींचं नाक मुरडेल, पण कोकणातल्या पावसात ही पाठ लाकडापेक्षा निश्चिंत. आवाज लहान अंगाच्या मानाने भरीव आणि खणखणीत. मात्र किंमत माझ्या बजेटच्या तिपटीहून जास्त होती. जीएस मिनी त्याहून महाग, आणि अंगानेही मोठी. माझ्या मते ती फिरायची गिटार कमी आणि घरात ठेवायची छोटी गिटार जास्त. सीएसएफ-वन-एम एकदा वाजवली. एकसंध स्प्रूसचा दर्शनी भाग, आत पिकअप (आवाज स्पीकरपर्यंत पोचवायची सोय), आणि आवाज असा की मी दहा मिनिटं उठलेच नाही. पैसे असते तर तीच घेतली असती.

जेआर-टू घेतली ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे किंमत : मला सगळं मिळून बारा हजारांच्या आत पडली. दुसरी म्हणजे नटाची रुंदी ४३ मिलिमीटर, मोठ्या गिटारीइतकीच. तारा एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. दाटी होते ती फक्त मानेच्या लांबीत. दुसऱ्या घरात मोठ्या गिटारीवर साडेचौतीस मिलिमीटर जागा असते, इथे साडेअठ्ठावीस. माझी बोटं बारीक आहेत, मला अडचण नाही. माझ्या भावाला ए कॉर्डसाठी तिसरं बोट तिरकं करावं लागतं, आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे तो जातच नाही.

लाकडाबद्दल स्पष्ट सांगते. दर्शनी भाग स्प्रूसचा, पण एकसंध फळी नाही, थर जोडलेला. पाठ आणि कडा महोगनीसारख्या दिसतात, तो वर चढवलेला अतिशय पातळ थर आहे. एकसंध स्प्रूसची हवी असेल तर जेआर-टू-एस म्हणून वेगळं मॉडेल आहे. मी मुद्दाम साधी घेतली. एकसंध लाकूड वर्षानुवर्षं वाजवून खुलतं हे खरं, पण तेच लाकूड दमट हवेत पाणी पिऊन फुगतं, घोडीपाशी पोट वर येतं आणि तारा उंच होतात. त्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. माझ्या खोलीत जुलैत भिंतीवरचा चुना ओला होतो. थर जोडलेलं लाकूड आवाजात थोडं मागे राहतं, पण असल्या हवेत आकार धरून ठेवतं.

आता आवाज. वरच्या तीन तारा गोड आणि स्वच्छ, एकेक स्वर छेडत वाजवलं तर छोट्या खोलीत पुरून उरतो. खर्ज कमी. जाड ई तार मोठ्या गिटारीवर छातीत घुमते, इथे ती फक्त ऐकू येते. हा अंगाच्या आकाराचा हिशेब आहे, एवढ्याशा पोकळीत तेवढीच हवा हलणार. ज्याला जोरकस स्ट्रमिंग करून चाळीस माणसांना गायला लावायचंय, त्याने ही घेऊ नये. आमचे मुख्याध्यापक पेटी वाजवतात. पेटी आणि ढोलकीच्या मध्ये ही गिटार बसवली तर ती दिसते, ऐकू येत नाही.

घेतल्यावर पहिलं काम ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, माझ्या हाताला बसवून घेण्याचं. दुकानात मोजायची एक सोपी रीत आहे. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली तीन कार्डं एकावर एक ठेवून तार न उचलता आत सरकली आणि चौथं अडलं, तर उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास आहे, हाताला सुखाची. चारही सहज गेली तर काम करून घ्यावं लागेल. माझ्याकडे चौथं कार्ड जेमतेम जात होतं. मानेचं असं : पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटला तार एकाच वेळी दाबायची आणि मधोमध तार नि फ्रेट यांच्यातली फट पाहायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं इतकी हवी. फटच नसेल तर तारा झणझणतात, जास्त असेल तर मान वाकलीय.

हे काम मी मिरजेत करून घेतलं. मामाचं घर तिथे, आणि सतार-तंबोऱ्यांची गल्ली लहानपणापासून पायाखालची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मामाने घरात पेढे वाटले होते. तिथल्या एका कारागिरांकडे गिटार नेली तेव्हा मनात धाकधूक होती, हे आपलं काम नाही म्हणतील की काय. त्यांनी गिटार उलटीपालटी केली, एका डोळ्याने मानेवरून पाहिलं, आणि म्हणाले, ‘ताई, तंबोऱ्याला आम्ही घोडी सपाट घासतो, तार तिच्यावर लोळली पाहिजे, जवारी तिथूनच निघते. तुमच्या याला उलटं. तार एका टोकावरून सुटली पाहिजे, लोळली की मेली.’

जवारी म्हणजे तंबोऱ्याचा तो गुंजणारा नाद. गिटारीच्या सॅडलबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. तार ज्या बिंदूवरून सुटते तो धारदार हवा, नाहीतर स्वर भोंगळ होतो आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळत नाही. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायचं तर सॅडलच्या तळातून एक मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. त्यांनी सॅडल काढलं, पेन्सिलने रेघ मारली, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून तळ घासला, परत बसवून पाहिलं, पुन्हा काढून थोडा घासला. मग वरची धार पातळ कानशीने सुबक केली. तासभर लागला. पैसे त्यांनी चहाइतकेच घेतले, आणि ते मला कमी वाटले म्हणून मी भांडून जास्त दिले. त्यानंतर बाराव्या फ्रेटवरचा स्वर आणि त्याच जागी तार नुसती स्पर्शून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहिले. सहापैकी पाच तारा तंतोतंत, जी किंचित चढी. या किमतीच्या लहान गिटारीवर हे फार चांगलं.

तारांचा विषय मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण लहान गिटार ‘रबरासारखी लागते’ ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या तारांची असते. तार तीच, स्वर तोच ठेवला आणि लांबी ६५० वरून ५४० वर आणली, तर ताण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. मग कुणी ‘लहान गिटारीला हलक्या तारा’ म्हणून दहा नंबरच्या (नंबर म्हणजे सर्वांत पातळ तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) लावतं आणि तारा लोंबतात. मी बारा नंबरच्या लावल्या, डी’ॲडारिओच्या ईजे-१६, फॉस्फर ब्राँझ. हिशेब केला तर या लांबीवर बारा नंबरच्या पातळ तारेला बसणारा ताण मोठ्या गिटारीवरच्या दहा नंबरच्या तारेइतकाच भरतो. म्हणजे बोटांना त्रास नाही आणि आवाजाला वजनही येतं. पहिलं वर्ष मी अशीच वाजवली.

दुसऱ्या वर्षी मुलांमुळे बदल केला. परिपाठाला आमचे गुरुजी पेटीवर काळी पाच, म्हणजे ए शार्पची पट्टी, धरतात, मुलांचे गळे तिथे छान लागतात. जी कॉर्डच्या आकाराने काळी पाचला जायचं तर तिसऱ्या फ्रेटला कॅपो, आणि या गिटारीवर तसं केलं की उरते ती गिटालेलेएवढी तार. बोटं दाटतात. म्हणून अकरा नंबरच्या तारा लावल्या आणि अख्खी गिटार एक पूर्ण स्वर वर चढवली. आता जी धरली की पांढरी सहा, म्हणजे ए, वाजते, आणि काळी पाचला कॅपो फक्त पहिल्या फ्रेटला. तारांना ताण मिळाला, आवाज उजळला, जी तारेचा चढेपणाही कमी झाला. मोठ्या गिटारीवर असं चढवताना घोडी उपटण्याची भीती वाटते. इथे लांबी कमी असल्यामुळे एकूण ताण मर्यादेत राहतो. लहान मुलांबरोबर किंवा उंच पट्टीत गाणाऱ्या बाईबरोबर वाजवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून पाहावं. मला ही लहान गिटारीची खरी जागा वाटते.

प्रवासाबद्दल. लांबी तीन फुटांच्या आत, त्यामुळे एसटीच्या वरच्या फळीवर आडवी मावते. मी पोट ड्रायव्हरच्या बाजूला आणि डोकं मागे असं ठेवते, म्हणजे ब्रेक लागला तरी खुंट्यांवर भार येत नाही. तुतारीच्या वरच्या बर्थवर पायाशी ठेवून मी स्वतः आडवी झोपते. विमानाचं मात्र आधी विचारूनच जा : हातातल्या सामानाची मर्यादा बहुतेक कंपन्यांची ५५ सेंटीमीटरच्या आसपास असते आणि कुठलीही खरी गिटार त्यात बसत नाही. सोबत आलेली पिशवी धूळ आणि ओरखडे यांपासून राखते. पावसासाठी मी राजापूरच्या बाजारातून ताडपत्रीचं कापड घेऊन तिच्यावर खोळ शिवून घेतली, शिंप्याने पट्ट्यांसाठी भोकंसुद्धा पाडून दिली. एकूण खर्च साडेतीनशे.

दमट हवेत लाकडापेक्षा तारांचे हाल जास्त होतात. साध्या तारा माझ्याकडे जुलैत तीन आठवड्यांत काळ्या पडल्या. आता जूनच्या आधी वेष्टण चढवलेल्या एलिक्सर लावते, त्या महाग पडतात पण दिवाळीपर्यंत टिकतात. वाजवून झालं की धुतलेल्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसायची. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर वाळवायच्या. गाडीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या बसमध्ये मात्र गिटार सोडू नये. डिंक मऊ होतो आणि घोडी उचलते, मग गिटार लाकडी असो की सनमायकाची.

दोन पावसाळ्यांनंतर या सप्टेंबरात पुन्हा मोजलं. बाराव्या फ्रेटवर तीन कार्डं जातात, चौथं अडतं. घोडीच्या मागे सपाट पट्टी ठेवून पाहिली, पोट दिसेल असं वर आलेलं नाही. दोन खुंट्या जरा सैल वाटत होत्या, त्यांचे छोटे स्क्रू घट्ट केल्यावर ठीक झाल्या. खुंट्यांखालच्या वॉशरना गंजाची लाल कड आलीय, ती समुद्राजवळ येणारच.

माझ्या कॉलेजच्या गिटारीवर चौथीतलं मूल बसवलं तर तिची कड त्याच्या हनुवटीखाली येते आणि उजवा हात तारांपर्यंत पोचतच नाही. जेआर-टूवर पोचतो. आमच्या चौथीतल्या एका मुलीने ऑगस्टमध्ये ई मायनर धरली. दोनच बोटं लागतात, तिसऱ्या दिवशी सहाही तारा स्वच्छ वाजल्या, आणि मग ती मधल्या सुट्टीत डबा न खाता तीच कॉर्ड वाजवत बसली. तिचे बाबा आंब्याच्या बागेत कामाला आहेत. परवा शाळेत आले आणि विचारत होते, बाई, असली केवढ्याला मिळते, मोबाइलवर एक तीन हजाराची दिसते ती घेऊ का. मी म्हटलं, ती घेऊ नका, दिवाळीपर्यंत थांबा. कोल्हापुरात वापरलेली जेआर अर्ध्या किमतीत मिळते का ते मी बघतेय. दोन जणांशी बोलणं झालंय, सुट्टीत तीन कार्डं खिशात घालून बघायला जाणार आहे.